जुळ्यांची नावे : अर्थाने जवळ, उच्चाराने दूर

माझ्या भावाला जुळ्या मुली झाल्या, तेव्हा त्या दोघी पस्तिसाव्या आठवड्यातच जन्मल्या होत्या आणि पुढचे अठरा दिवस त्यांना नवजात अतिदक्षता विभागात राहावे लागले. दोघींच्या मनगटांवरच्या पट्ट्यांवर आईचे नाव आणि त्यापुढे एकीच्या 1 व दुसरीच्या 2 एवढाच फरक होता. एके दिवशी सकाळी एकीचे वजन दुसरीच्या कागदावर लिहिले गेले. संध्याकाळच्या फेरीत ते लक्षात आले आणि दुरुस्तही झाले, पण काचेबाहेर उभ्या असलेल्या माझ्या भावजयीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. आत्या म्हणून नावे शोधण्याचे काम माझ्याकडे होते. तोपर्यंत मी एकमेकींना शोभतील अशा गोड, यमक जुळणाऱ्या नावांची यादी करत होते. त्या संध्याकाळी घरी येऊन मी ती यादी फाडली आणि नव्याने विचार सुरू केला. जुळ्यांच्या आईवडिलांना, आत्यांना आणि आजी-आजोबांना उपयोगी पडेल म्हणून तो विचार येथे सविस्तर मांडते आहे.

जुळ्या मुलांच्या नावांकडून आपण एकाच वेळी दोन गोष्टी मागत असतो. ही दोघे एकत्र या जगात आली, हे नावांतून जाणवावे असे आपल्याला वाटते, आणि त्याच वेळी ती दोन स्वतंत्र माणसे आहेत हेही नावांनीच सांगायचे असते. माझ्या मते यांतले पहिले काम अर्थाकडे सोपवावे आणि दुसरे उच्चाराकडे. बहुतेक घरांत होते ते नेमके उलट. उच्चार सारखे निवडले जातात आणि अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. अर्थाने बांधलेल्या नावांचे सर्वांत सुंदर उदाहरण पुणेकरांना दूर शोधावे लागत नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार भावंडांची नावे पाहा. विरक्ती, ज्ञान, जिना आणि मुक्ती अशी ती एक वाट आहे. एक नाव दुसऱ्याकडे नेते. तरीही चारही नावांचा उच्चार इतका वेगळा आहे की आळंदीच्या घाटावर कोणीही हाक मारली असती, तरी कोणाला बोलावले आहे याचा गोंधळ झाला नसता. जुळी भावंडे नसली, तरी जुळ्यांची नावे शोधणाऱ्याने या चार नावांपासून सुरुवात करावी.

उच्चाराचा विचार अधिक तपशिलाने करायला हवा, कारण रोजचा त्रास तिथेच होतो. रिया-सिया, अन्वी-तन्वी, आरोही-आरुषी अशा जोड्या कागदावर आणि पत्रिकेवर छान दिसतात. पण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना किंवा सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलांना हाक मारताना व्यंजने विरून जातात आणि कानापर्यंत प्रामुख्याने स्वरच पोहोचतात. म्हणून एक साधी कसोटी घ्यावी. दोन्ही नावांतली व्यंजने काढून फक्त स्वर म्हणून पाहावेत. रेवा आणि नेहा या नावांत ए-आ, ए-आ एवढेच उरते, म्हणजे दुरून ही दोन्ही नावे एकच आहेत. रेवा आणि कौमुदी यांत तसे होत नाही. शक्यतो पहिले अक्षर, स्वरांचा क्रम आणि अक्षरांची संख्या या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात. जुन्यांनाही हे भान होते असे मला वाटते. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात मुलाच्या नावाचा आरंभ घोषवर्णाने, म्हणजे ग, द, ब, भ अशा वर्णाने करावा आणि मध्ये य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा असे सांगितले आहे. अशी नावे हाकेला खरोखरच चांगली उमटतात. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ आपल्या नावाकडे वळून पाहू लागते. त्या वयात दर हाकेला दोघांनीही वळावे की ज्याचे नाव त्याने, हे आपण बारशालाच ठरवत असतो.

याच संदर्भात घरातल्या तोडक्या नावांचाही विचार करावा. आपल्याकडे अनिरुद्धचा अन्या आणि सिद्धार्थचा सिद्धू व्हायला वेळ लागत नाही. आदित्य आणि अद्वैत ही दोन पूर्ण नावे पुरेशी वेगळी आहेत, परंतु आजी दोघांनाही आदूच म्हणणार. म्हणून निवडलेली दोन्ही नावे आठ-पंधरा दिवस घरात सर्वांनी वापरून पाहावीत आणि लाडाने, रागाने, घाईने ती कशी मोडतात याकडे लक्ष द्यावे.

मुलगा आणि मुलगी असे जुळे असल्यास एका नावाला काना किंवा वेलांटी देऊन दुसरे तयार करण्याचा मोह होतो. आर्य-आर्या, अनन्य-अनन्या, दिव्य-दिव्या अशा जोड्या मी कटाक्षाने टाळायला सांगेन. यांत मुलीचे नाव मुलाच्या नावाची शेपटी होते, हे एक कारण. दुसरे कारण व्यवहारातले आहे. रोमन लिपीत लिहिताना शेवटचा अ आणि आ बहुधा एकाच अक्षराने लिहिला जातो. त्यामुळे आर्य आणि आर्या यांचे स्पेलिंग हुबेहूब एकच होते. जन्मतारीख एक, पत्ता एक, आईवडील तेच आणि नावही तेच, अशा दोन मुलांचे अर्ज एखाद्या संगणकात भरले गेले की त्यांतला एक दुबार म्हणून बाद होण्याची भीती कायमची मागे लागते. पाच वर्षांखालील मुलांच्या आधार कार्डासाठी बोटांचे ठसे घेतले जात नाहीत, हेही लक्षात घ्यावे. तोपर्यंत एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांना कागदावर वेगळे करणारी गोष्ट मुख्यतः नाव हीच असते.

भाऊ-बहिणीच्या जोडीत आणखी एक चूक नकळत होते. कानाला परिचित असलेल्या अनेक जोड्या पतिपत्नींच्या असतात. राघव-जानकी, नल-दमयंती, वसिष्ठ-अरुंधती ही नावे एकत्र सुचतात ती त्यामुळेच, आणि मग पुढे शाळेत एखादा शिक्षक सहज बोलून जातो तेव्हा मुलांना अवघडल्यासारखे होते. भावंडांची म्हणून प्रसिद्ध असलेली नावे हवी असतील, तर सम्राट अशोकाची मुले महेंद्र आणि संघमित्रा यांची नावे फार उत्तम आहेत. दोघांनी बौद्ध धम्माचा संदेश सिंहलद्वीपात नेला. अर्थ भारदस्त, नाते भावंडांचे आणि उच्चार अगदी वेगळे. यम आणि यमी ही तर वेदांतली जुळी भावंडे. यमीलाच पुढे यमुना मानले गेले आणि भाऊबीजेला आपण यमद्वितीया म्हणतो ते याच भावंडांमुळे. मुलाचे नाव यम कोणी ठेवणार नाही, पण जुळ्यांतल्या मुलीसाठी यमुना हे नाव मला मनापासून आवडते. ते जुने झाले म्हणून सोडून देऊ नये.

पुराणांतल्या इतर प्रसिद्ध जोड्यांबद्दल थोडे सांगते. लव आणि कुश ही नावे लहान, स्पष्ट आणि समान तोलाची आहेत. अडचण एवढीच की एकाचे नाव सांगितले की ऐकणारा दुसऱ्याचे नाव विचारतोच, आणि मुलाला आयुष्यभर अर्ध्या जोडीसारखे वाटत राहते. नकुल आणि सहदेव यांचेही तसेच. शिवाय नकुल म्हणजे मुंगूस हे वर्गातल्या कोणाला तरी कळतेच. जय-विजय ही जोडी ठेवण्यापूर्वी ते वैकुंठाचे द्वारपाल होते आणि शापामुळे हिरण्याक्ष व हिरण्यकशिपू म्हणून जन्मले, ही कथा माहीत असावी. राम-लक्ष्मण या जोडीत एक थोरला आणि दुसरा त्याचा अनुयायी आहे. चार मिनिटांनी धाकट्या असलेल्या मुलावर ही भूमिका नावानेच लादली जाऊ नये, असे मला फार वाटते. ऋद्धी-सिद्धी या जोडीलाही ‘एकटे म्हणून पाहिले तर नाव पूर्ण वाटते का?’ ही कसोटी लावावी. सिद्धी टिकते, ऋद्धी थोडी अडखळते.

मग अर्थाची सांगड कुठे शोधावी? घरात कशाबद्दल प्रेम आहे, तिथून शोधावी. गाण्याचे घर असेल, डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला सहकुटुंब जाणारे असेल, तर रागांची नावे पाहावीत. केदार आणि आसावरी ही जोडी मला विशेष वाटते, कारण केदार रात्रीचा आणि आसावरी सकाळची. एकाच दिवसाची दोन टोके दोन मुलांना वाटून दिल्यासारखी. मुलींसाठी नद्यांची नावे घ्यायची तर गंगा-यमुना यांच्यापाशीच थांबण्याचे कारण नाही. इंद्रायणी आणि नीरा या दोन्ही पुणे जिल्ह्यातून वाहतात आणि दोन्ही भीमेला मिळतात. वारी ज्या घरात आहे, त्या घराला याहून जवळची नावे सापडणार नाहीत. ज्यांना आकाशाची आवड आहे त्यांच्यासाठी ध्रुव, स्वाती, चित्रा, अभिजित आहेत आणि ज्यांच्या अंगणात झाडे आहेत त्यांच्यासाठी बकुळ, केतकी, मंदार आहेत. एकाच अर्थाचे दोन वेगळे शब्द निवडणे हीही चांगली रीत आहे. पण त्यात कौमुदी आणि कैरवी यांच्यासारखी, दोन्ही अर्थांनी चांदणे आणि दोन्ही क ने सुरू होणारी नावे टाळून, कौमुदी आणि ज्योत्स्ना अशी निवड करावी. प्रत्येक नावाचे वजन मात्र तोलून पाहावे. एकाचे नाव विक्रमादित्य आणि दुसऱ्याचे मिहीर असेल, तर अर्थ दोन्हीकडे सूर्याचाच असूनही एक सिंहासनावर आणि दुसरा खाली बसल्यासारखा वाटतो.

अर्थ मात्र खात्रीच्या ठिकाणी पडताळावा. इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांत अनेक अर्थ चक्क कल्पनेने लिहिलेले असतात. आरव या नावाचा अर्थ शांत असा सर्रास दिलेला दिसतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. अनय हे नाव गोड वाटते, परंतु नय म्हणजे नीती आणि अनय म्हणजे नीतीचा अभाव. रेयांश म्हणजे सूर्याचा अंश असे सांगितले जाते, पण सूर्य या अर्थी रेय असा शब्दच संस्कृतात नाही. ही नावे ठेवू नयेत असे माझे म्हणणे नाही. आवडले म्हणून ठेवले हे कारणही पुरेसे प्रामाणिक आहे. पण अर्थपूर्ण म्हणून ठेवायचे असेल, तर अर्थ खरा असावा. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध केलेला संस्कृत-इंग्रजी कोश आजही ग्रंथालयांत आणि इंटरनेटवर सहज पाहता येतो. नाव तिथे सापडले की त्याचे सगळे अर्थ वाचावेत, पहिला वाचून कोश मिटू नये. पेठांत आजही संस्कृतचे निवृत्त शिक्षक कोणाच्या ना कोणाच्या ओळखीचे निघतात; त्यांना फोन करून विचारावे, ते आनंदाने सांगतात.

नावरस अक्षराचा, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराचा, प्रश्न जुळ्यांच्या बाबतीत वेगळाच होतो. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि प्रत्येक नक्षत्राचे चार चरण असतात, म्हणजे एक चरण सुमारे सहा तासांचा. जुळ्यांच्या जन्मांत बहुतेक वेळा काही मिनिटांचेच अंतर असल्याने दोघांचे नक्षत्र, चरण आणि म्हणून अक्षरही एकच येते. रोहिणीच्या दुसऱ्या चरणावर दोघे जन्मले, तर दोघांसाठी वा हेच अक्षर. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर तर ङ आहे, ज्यावरून एकही नाव सुरू होत नाही. परंपरेनेच यातून वाट ठेवलेली आहे. कुलदेवतेवरून, मासावरून आणि नक्षत्रावरून येणारी नावे वेगळी आणि व्यवहारात हाक मारण्याचे नाव वेगळे, अशी चार नावांची पद्धत जुनीच आहे. तेव्हा नक्षत्रनाम पत्रिकेत राहू द्यावे आणि व्यावहारिक नाव मोकळेपणाने निवडावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे असे समजावून सांगितले की ते सहसा अडून बसत नाहीत.

वडीलधाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. दोन मुले आहेत म्हटल्यावर एकाचे नाव सासरच्यांनी ठेवावे आणि एकाचे माहेरच्यांनी, अशी वाटणी अनेक घरांत सुचवली जाते. ती न्याय्य वाटते, पण करू नये. त्यातून एक मूल या घरचे आणि एक त्या घरचे अशी रेघ पडते आणि ती पुसायला फार वर्षे लागतात. एकाला पणजोबांचे नाव आणि दुसऱ्याला आधुनिक नाव, हेही असमान आहे. पूर्वजांचे स्मरण करायचे असेल, तर दोघांच्याही नावांत करावे किंवा कोणाच्याच नको. दोन्ही घरांकडून नावे जरूर मागवावीत, सर्वांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवाव्यात आणि शेवटची निवड आईवडिलांनी दोघांनीच बसून करावी. मुलींच्या बाबतीत तर नाव जन्मभरासाठी निवडतो आहोत हे विसरू नये. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना होते. लग्नात ते बदलले गेले. आजच्या मुली आपले नाव असे सहजासहजी सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

नाव जवळजवळ ठरले की ते पूर्ण लिहून पाहावे. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठेवायचा आहे. म्हणजे नाव आता चार शब्दांचे आहे. आई मृणालिनी, वडील मृत्युंजय आणि मुलीचे नाव मृण्मयी असेल, तर ते मोठ्याने एकदा वाचून पाहणे पुरेसे आहे. दोन्ही मुलांची आद्याक्षरेही भिन्न असावीत, कारण बाकीची तीन अक्षरे तीच राहणार आहेत. रोमन लिपीतले स्पेलिंगही याच वेळी ठरवावे. ऋ चा उच्चार आपण रु असा करतो आणि हिंदी भाषक रि असा करतात; ज्ञ आपल्याकडे द्न्य आणि तिकडे ग्य होतो. ऋचा किंवा ज्ञानदा असे नाव ठेवणाऱ्यांनी आपल्या उच्चाराचे स्पेलिंग एकदाच निश्चित करून ते कागदावर लिहून ठेवावे आणि घरातल्या प्रत्येकाने तेच वापरावे.

नोंदणीची घाई मात्र करू नये. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असल्यास ती माहिती रुग्णालयच कळवते. त्या वेळी नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालतो. पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मुले वेळेआधी जन्मली असतील आणि बाराव्या दिवशी त्यांतले एक किंवा दोन्ही रुग्णालयातच असतील, तर ही सवलत फार दिलासा देणारी आहे. नोंद जन्म जिथे झाला तिथेच होते. भावजय बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी गेली असेल, तर पुणे महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात कितीही हेलपाटे घातले तरी उपयोग नाही. जुळ्यांचे अर्ज दोन आणि दाखलेही दोन असतात. प्रत्येकावरची जन्मवेळ, लिंग आणि नाव मराठीत व इंग्रजीत अक्षरन् अक्षर तपासून घ्यावे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा म्हणून धरला जातो, आणि एकदा लिहिलेले नाव मनात आले म्हणून बदलता येत नाही.

राहता राहिला एक प्रश्न, जो बहुतेकांना बारशाच्या सकाळी आठवतो. कोणते नाव कोणाचे? आम्ही रुग्णालयातला क्रम कायम ठेवला. पट्टीवर 1 असलेलीचे नाव आधी ठरवून ते तिच्या फाइलवर पेन्सिलीने लिहिले, दुसरीचे तिच्या फाइलवर, आणि घरी आल्यावर पट्ट्या कापण्याआधी पहिलीच्या पायात लाल व दुसरीच्या पायात हिरवा दोरा बांधला. बारशाला दोन पाळणे होते, तुळशीबागेतून आणलेल्या दोन रंगांच्या झालरी लावलेले, आणि तांदळाची दोन तबके. एकाच तबकात दोन नावे लिहू नयेत, आणि दोन्ही नावे एकाच आत्येने एका दमात सांगू नयेत. मी पहिल्या पाळण्यात वाकून लाल दोरा पाहिला, कानात कुर्रर्र करून नाव सांगितले आणि मागून पाठीवर पडलेले धपाटे खाऊन सरळ उभी राहिले. मग सर्वांनी तिच्या पाळण्याला झोका दिला, तिचे नाव दोनतीनदा मोठ्याने उच्चारले. त्यानंतरच माझी धाकटी बहीण हिरव्या दोऱ्याच्या पाळण्याकडे गेली. घुगऱ्यांच्या पुड्याही आम्ही प्रत्येकाला दोन दिल्या, प्रत्येकीच्या नावाची एक.